आधीच आणलेली प्रत

आमच्या वहिनी सहा कॉम्प्युटरना मिळून एकच स्मरणशक्ती असल्यासारखं वागायला लावतात. मी शिंपी माणूस. एका मशीनचा दोरा सांभाळताना माझ्या नाकी नऊ येतात, त्यामुळे त्यांचं काम माझ्या डोक्यावरून जातं.

त्यांची एक युक्ती होती. एखाद्या मशीनला कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधायचा आणि त्याने मागण्याआधीच तिची प्रत शेजारच्याकडून आणून ठेवायची. वेग भलताच वाढला. मग त्यांनीच ठरवलं, एक मशीन बंद पडलं तर या प्रती आहेतच की, आणखी वेगळ्या कशाला सांभाळायच्या? कित्येक वर्षं त्या या युक्तीत बुडालेल्या होत्या.

मागच्या महिन्यात चाचणी झाली. पास झाली तर ही यंत्रणा एका हॉस्पिटलात बसणार होती. त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी एका चालू मशीनची वायर उपटली. काम थांबलं नाही. टाळ्या पडल्या.

वहिनी मात्र तोंड पाडून घरी आल्या.

"भावजी, चाचणीतल्या एका बनावट पेशंटचं औषध बंद केल्याची नोंद झाली, आणि लगेच वायर निघाली. उरलेली मशीनं म्हणतात, औषध चालू आहे."

"म्हणजे बिघडली ती?"

"नाही ना. शेजारी पडलेली प्रत नोंदीच्या आधीची होती. तीच खरी धरली, न अडखळता."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"फक्त माझ्या."

"मग गप्प बसा की. पेशंट तर बनावट आहे."

"पुढचा नसेल," त्या म्हणाल्या. मी कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं. प्रत्येक नोंदीची खरी प्रत वेगळी ठेवायची, तर युक्तीने मिळवलेला सगळा वेग त्यातच जाणार. साहेब म्हणाले, मग युक्तीच काढा. वहिनींनी ती स्वतःच्या हाताने काढली, आणि यंत्रणा युक्तीविनाच, खऱ्या प्रती सांभाळत, हॉस्पिटलात बसली.

त्यांचं अभिनंदन करावं की सांत्वन, मला काही सुचेना.

"हॉस्पिटलवाले काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, छान आहे, पण फार हळू चालतं. वेग वाढवायची युक्ती माहीत असलेलं कुणी आहे का तुमच्याकडे?"

"मग?"

"नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.