छप्पन्न हुकमांचा प्रोसेसर

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. सांगलीतल्या एका कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळत होतो आणि घरी कंप्युटर बनवायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. अख्ख्या कॉलेजात कंप्युटर नव्हता, म्हणून घरी असावा, असं माझं तर्कशास्त्र.

या वेडात मला एकच साथीदार मिळाला. फौजेतून सिग्नलमन म्हणून निवृत्त झालेला, इस्लामपूरकडचा एक हवालदार. बाजारपेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि डागकामात, म्हणजे सोल्डरिंगमध्ये, माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला.

माझा मेहुणा तेव्हा कंपनीच्या कामानं वर्षभर अमेरिकेत होता. येताना एक प्रोसेसर आणतो, असं त्यानं कळवलं. एकच. तिथूनच आमचं बिनसलं.

मला झेड-ऐंशी हवा होता. तो नवा होता आणि त्याला जुन्या ऐंशी-ऐंशी प्रोसेसरच्या दुप्पट हुकूम समजत. हुकूम हा शब्द हवालदाराचा. मी 'इन्स्ट्रक्शन' म्हणायचो आणि तो दुरुस्त करायचा. त्याला ऐंशी-ऐंशीच हवा होता.

"दुप्पट हुकूम घेऊन करणार काय, गड्या?" तो म्हणाला. "आमच्या सुभेदारानं अख्खी नोकरी पाच हुकमांवर काढली. जुना माल सगळ्यांनी वापरलेला हाय. अडलं तर पुस्तकात उत्तर घावतं."

"त्याला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, हवालदार. माझ्यावाल्याला एकच पुरतो."

"तीन काय, तेरा देतो! पावर सप्लाय माझ्यावर सोड."

हा वाद चार महिने चालला. घरात ना मेमरी होती ना स्विच, खोकंसुद्धा नव्हतं. पण प्रोसेसरचे गुणदोष आम्हाला तोंडपाठ झाले होते. शेवटी एका संध्याकाळी मी त्याला "रेडिओवाला" म्हणालो. त्यानं मला "पुस्तकी मास्तर" म्हटलं. दोन्ही गोष्टी शब्दशः खऱ्या होत्या, म्हणूनच लागल्या असाव्यात. तीन आठवडे मी त्याच्या दुकानावरून सायकल नेली नाही.

त्या तीन आठवड्यांत मी गुपचूप मेहुण्याला पत्र टाकलं: झेड-ऐंशीच आण. पुढे कळलं, हवालदारानंही माझ्या बायकोकडून पत्ता मिळवून त्याला लिहिलं होतं. बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पत्ता देताना ती त्याला काही बोलली नाही आणि मलाही नाही.

मेहुणा परत आला तेव्हा आम्ही साताऱ्याला, तिच्या माहेरी गेलो. हवालदारही आला. अबोला होता, पण प्रोसेसर बघायचा मोह त्याहून मोठा होता. एसटीत आम्ही दोघं मागेपुढे बसलो आणि मध्ये बसलेली बायको शांतपणे वह्या तपासत होती.

चहा झाल्यावर मेहुण्यानं साबणाची डबी उघडली. आत काळ्या फोममध्ये चाळीस पायांचा तुकडा रोवलेला होता. मी नंबर वाचला. हवालदारानं चष्मा पुसून वाचला. तो झेड-ऐंशी नव्हता आणि ऐंशी-ऐंशीही नव्हता.

"पासष्ट-शून्य-दोन?" मी ओरडलो. "हा कुणी सांगितला?"

"दाजी, मला तीन पत्रं आली," मेहुणा म्हणाला. "तुमचं चार पानांचं, यांचं सहा पानांचं. ताईचं दोन ओळींचं. तिनं लिहिलं होतं, ज्याचे हुकूम सगळ्यात कमी असतील तो आण."

"किती हायत?" हवालदारानं विचारलं.

"छप्पन्न."

"अहो, शिकावं मलाच लागणार होतं," बायको म्हणाली. "तुम्ही दोघं भांडणात होता."

परतीच्या गाडीत मी आणि हवालदार शेजारी बसलो. दोघंही हरल्यावर भांडायला काही उरलं नव्हतं. कऱ्हाड येईपर्यंत पासष्ट-शून्य-दोनला आम्ही मनसोक्त नावं ठेवली. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

मुंबईहून मेमरी आणली. हवालदारानं डागकाम केलं, मी जोडण्या तपासल्या. सात-आठ महिन्यांनी यंत्र उभं राहिलं: पुढे स्विचची ओळ, वर आठ लाल दिवे. पडदा नव्हता. आकडा दिव्यांतून वाचायचा आणि हुकूम एकेक स्विच दाबून भरायचे. ते भरायला बायकोच लागायची. आम्हा दोघांचा कुठला तरी एक स्विच हमखास चुकायचा.

वार्षिक परीक्षेनंतर तिनं वर्गातल्या मुलींच्या गुणांची बेरीज यंत्रावर केली. सहा विषय, सहाशे गुण. पहिल्या मुलीचे दोनशे तीस आले, पास. मग वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. दिवे लागले: एकशे छप्पन्न. नापास!

"बघितलंत? कमी हुकमांचा परिणाम!" मी म्हणालो. माझा आनंद मला लपवता आला नाही.

"जरा थांबा," ती म्हणाली. तिनं कागदावर बेरीज केली. चारशे बारा. त्यातून एकशे छप्पन्न वजा केले आणि हसली. "दोनशे छप्पन्नचा फरक आहे. आठ दिव्यांत दोनशे पंचावन्नच मावतात. पुढे मोजणी शून्यापासून सुरू होते. हातचा धरायला मीच विसरले."

हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, तुझ्या झेडमधी किती मावतात?"

"तेवढेच," मी म्हणालो.

"आन् माझ्यावाल्यात?"

"तेवढेच."

बायकोनं हातच्याचे हुकूम घातले आणि संध्याकाळपर्यंत वर्ग बिनचूक उरकला. शाळेत मात्र तिनं निकाल हातानंच लिहून दिला. मुख्याध्यापिकाबाईंना यंत्र म्हटलं की धडकी भरायची, असं ती म्हणाली. मला वाटतं, एकशे छप्पन्नचा धसका तिनंही घेतला होता.

त्याच महिन्यात हवालदारानं दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली: 'रेडिओ, टेप व कंप्युटर दुरुस्त करून मिळतील.' आमच्या माहितीत गावात घरचा कंप्युटर एकच होता, तो आमच्याकडे, आणि त्याची दुरुस्ती तो फुकट करायचा. तरी पाटी वाचून पहिल्याच आठवड्यात एक उसाचा बागायतदार पंपाचा स्टार्टर घेऊन दुकानात आला.

"ह्ये कंप्युटर दुरुस्तीत बसतंय न्हवं?" त्यानं विचारलं.

"बसतंय की," हवालदार म्हणाला, आणि स्टार्टर खोलायला घेतला.