दादाच्या पानातली दुरुस्ती

दादाने एका संगणकभाषेच्या रनटाइमवर मराठीत लिहिलेलं पान अजून इंटरनेटवर आहे. प्रोग्राममधल्या अनेक कामांपैकी कुणाला कधी पाळी द्यायची, हे रनटाइम ठरवतं. दादा गेल्यापासून ते पान मी उघडलं नव्हतं. या हिवाळ्यात एका वाचकाचा निरोप आला. पानात सांगितल्याप्रमाणे त्याने प्रत्येक लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, दुसऱ्या कामांना पाळी देणारे थांबे घातले होते आणि त्याचा प्रोग्राम रखडत चालत होता.

चूक वाचकाची नव्हती. दादाने लिहिलं तेव्हा लांबलेलं काम स्वतःहून थांबल्याशिवाय पुढच्याला पाळी मिळत नसे. आता रनटाइमच त्याला मध्येच थांबवतं, त्यामुळे ते थांबे नुसता वेळ खातात.

दादाने उदाहरण आमच्या गावचं, अर्जुनी मोरगावकडच्या तलावाचं दिलं होतं. 'धानाची बांधी, म्हणजे वाफा, भरली की शेतकरी स्वतः पाटाचं तोंड बुजवतो आणि पुढच्याला हाक मारतो. हाक आली नाही, तर पुढचा आपल्या शेताच्या धुऱ्यावर बसून राहतो.' एवढं जमायला अख्खा रविवार गेला होता. दादा राहायचा त्या कुडव्याच्या घरात तो टाइप करायचा, मी शुद्धलेखन पाहायचो, वहिनी भाजी निवडत ऐकायची. तिला समजल्याशिवाय पान पुढे जायचं नाही, हा त्याचा नियम.

"अवो, शेती शिकवून रायले का कम्प्युटर?" ती विचारायची. तो हसून वाक्य मोडून पुन्हा लिहायचा.

आता तीच वाक्यं काढायची होती. मी खाली फक्त टीप जोडायचं ठरवलं, की हे जुन्या आवृत्तीसाठी आहे. वहिनीला तसं सांगितलं.

"चुकीचं हाय त ठेवता काऊन, भाऊजी?"

"त्याचा आवाज आहे त्यात."

"त्यायले चूक दिसली असती त ताटावरून उठून पुसली असती." मग म्हणाली, "टीप कोन वाचते? तुमीच वाचसान."

मी ती वाक्यं पुसली. तलाव, पाट, बांधी राहू दिली आणि लिहिलं, 'वेळ संपली की पाणी सोडणारा माणूस येऊन पाटाचं तोंड बुजवतो, बांधी भरलेली असो वा नसो. उरलेलं पाणी त्याला त्याच्या पुढच्या पाळीला.' थांब्यांचा सल्लाही काढला. मग वहिनीला वाचून दाखवलं.

"समजलं," ती म्हणाली. "पन हे त्यायचं नाही वाटत."

"नाही."

"कोनी कोनाले हाकच नाही मारून रायला आता."

मी नवं पान चढवलं. वाचकाला कळवलं, थांबे काढून टाका, आता त्यांची गरज नाही.