एकाच काडतुसाचे मामा

हा देश सपाट आहे असं जे म्हणतात, ते माझ्या बायकोच्या मामांना भेटलेले नाहीत. अख्ख्या नेदरलँड्समध्ये मामांच्या पाऱ्याइतकं उंच काही नाही. बेस्ट नावाच्या गावातल्या त्यांच्या घराची बेल वाजवावी तर आधी बेलवरून बोलणी बसतात, कारण ती एकदा दाबून ऐकू येत असताना लोक दोनदा का दाबतात हे त्यांना आजवर कळलेलं नाही. इथल्या पावसाचा त्यांना राग येतो, कारण तो धड पडतही नाही आणि धड थांबतही नाही. मराठी मंडळाचे कार्यक्रम दोन तास उशिरा सुरू होतात म्हणून ते मंडळावर चिडतात आणि डच लोक ठरल्या मिनिटाला दारात उभे राहतात म्हणून डच लोकांवर. 'ह्यांना दुसरं काही काम नसतं का?' असं ते त्यांच्यासमोरच मला मराठीत विचारतात. रागावले की ते मला 'जावईबापू' म्हणतात, म्हणजे कायमच म्हणतात. माझी मुलगी त्यांच्या घरून निघताना गाडीत शांतपणे डचमध्ये सांगते, 'आजोबा आज परत चिडलेत.' ते वाक्य आमच्या घरात 'आज परत पाऊस आहे' इतकंच साधं झालंय.

मलाही त्यांचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षांपूर्वी हा माणूस चिंचवडची नोकरी सोडून इथल्या कारखान्यात आला आणि निवृत्त होईपर्यंत केसाहून बारीक वस्तूंची मापं घेत बसला. अशा माणसानं म्हातारपणी बागेत मेथी लावावी, मंडळाच्या दिवाळी अंकात एखादा लेख लिहावा, गेला बाजार ब्रिज खेळावं. मामांनी शिकारीचा परवाना काढला. आणि तोही कसा, तर स्वतः अंडंसुद्धा न खाता. ज्या माणसाच्या ताटाला चुकून केकाचा तुकडा लागला तरी तो ताट बदलून मागतो, तो पहाटे उठून हिरवा कोट घालतो आणि हरणाच्या मागे रानात जातो, हे मंडळातल्या बायकांना समजावून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

शिकार म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जी बंदूक येते, तीही मामांकडे नाही. त्यांच्याकडे ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा डोंगराळ गावात शंभरएक वर्षांपूर्वी घडवलेली एकनळी रायफल आहे. ती मधून मोडते, म्हणजे बिजागरीवर वाकून उघडते, तिच्यात एकच काडतूस बसतं आणि ते काडतूस बघून माझा एक सहकारी म्हणाला होता, 'ह्याने हरीण मरतं की नुसतं दचकतं?' मरतं. इथे 'रे' नावाचं शेळीएवढं हरीण असतं, त्याला तेवढी गोळी पुरते आणि कायद्यालाही चालते, पण जागी लागली तरच. असली काडतुसं आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून मामा ती तळघरात स्वतः भरतात. त्या वेळी घरात कुणी शिंकायचं नाही, कारण दारू तोलायचा काटा हलतो. मामी वरच्या मजल्यावर जाऊन शिंकतात. रानात जाताना मामा एकच काडतूस नेतात. दुसरं का नाही, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी आधी मला आपादमस्तक पाहिलं. मग म्हणाले, 'दुसरं खिशात असलं ना जावईबापू, की पहिलं बेफिकीर होतं.'

रायफल तिजोरीत ठेवायची, तिजोरीचा आकडा परवानाधारकाशिवाय कुणाला माहीत नसावा, असा इथला नियम आहे. मामा एरवी गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, प्रत्येक नियमावर दात-ओठ खातात, पण हा नियम त्यांना मनापासून आवडतो. का, ते पोलीस पाहणीला आले तेव्हा कळलं. रायफलीशेजारी बाकरवडीची पाकिटं रचून ठेवली होती. हाउसआर्ट्सनं, म्हणजे घरच्या डॉक्टरनं, त्यांना तेलकट बंद केलेलं, आणि घरातली मामींचा हात न पोचणारी जागा ही एवढीच. पोलिसानं हे काय म्हणून विचारलं. मामा संतापून म्हणाले, 'खाण्याची वस्तू आहे, स्फोटक नाही.' तो बिचारा एक खाऊन आणि घटाघटा पाणी पिऊन गेला. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'ह्यांचं रागावणं आणि ह्यांचं खाणं, दोन्ही मी थांबवू शकत नाही.'

मंडळाशी मात्र त्यांचं कायमचं बिनसलं ते गणपतीत. आरती झाल्यावर एका बाईंनी सगळ्यांच्या देखत त्यांना म्हटलं, 'मुक्या जनावराला मारता आणि त्याच हातांनी टाळ वाजवता?' मला मामांची दया आली नाही, त्या बाईंचा राग आला, कारण आदल्याच आठवड्यात त्या बाईंच्याच घरी आम्ही चिकन बिर्याणी खाल्ली होती. मामा टाळ खाली ठेवून म्हणाले, 'कोंबडी मुकी नव्हती, एवढंच ना?' आणि बाहेर पडले. गाडीत बसल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं. इथे आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना रस्त्याच्या कडेला मोटारीनं उडवलेलं हरीण दिसलं होतं. कंबर मोडलेली, डोळे उघडे. शिकाऱ्याला बोलावणं गेलं होतं, तो येईपर्यंत मामा त्याच्याजवळ उभे राहिले आणि त्यांना काहीच करता आलं नाही. 'इथली जंगलं म्हणजे हायवेच्या मधल्या फटी आहेत. दरवर्षी काही हरणं मारून काढायचीच असं सरकारनं ठरवलंय. मग कुणीतरी नीट काढा की,' ते म्हणाले. एवढं बोलून झाल्यावर ते, मी गाडीचं दार कसं लावलं यावरून, माझ्यावर चिडले.

गाडीचं दार हा आमच्यातला जुना वाद. मला दार आपटायची सवय आहे. रानाच्या तोंडाशी गाडी लावली आणि मी उतरलो की मामांच्या कपाळावरची शीर उठते. 'हरणाला अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतं, जावईबापू. तुमच्या दारानं तर पार त्या टोकाच्या मास्ट्रिख्टची हरणं जागी झाली असतील.' मी कितीही हळू लावलं तरी ते दार शेवटी आवाज करतंच, आणि मामा पुढे चालता चालता पाठमोरेच मान हलवतात. दहांतल्या नऊ वेळा आम्ही रिकाम्या हातानं परततो ते माझ्या दारामुळेच, असा त्यांचा हिशोब.

पण दहाव्या वेळी ते मारत, तेव्हा बघावं. मचाणावर हा माणूस दगड होतो. पंच्याहत्तर पावलांच्या आत हरीण आल्याशिवाय रायफल उचलत नाही. नळीच्या टोकावर नेम धरायची मोहरीएवढी माशी, ती हरणाच्या खांद्यामागे स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा दिसत नाही. मग एक कोरडा आवाज. हरीण खाली बसतं आणि उठत नाही. इथल्या शिकाऱ्यांची एक रीत आहे: पडलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून. मामा ओकची डहाळी ठेवतात, टोपी काढतात, आणि मग थर्मासमधलं पाणी ओंजळीत घेऊन त्या डोक्याभोवती फिरवतात, जेवायच्या आधी ताटाभोवती फिरवतात तसं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, 'घास ठेवलाय ना त्याच्यासमोर? मग पाणी नको फिरवायला?' त्या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता. हरीण मग पलीकडच्या शेतकऱ्याकडे जातं, आणि मामा घरी येऊन वरणभात जेवतात.

गेल्या वर्षी ह्या सगळ्यावर संकट आलं ते दुर्बिणीचं. रानाची व्यवस्था बघणारा डच शिकारी, मामांचा जुना दोस्त, घरी येऊन सरळ सांगून गेला की यापुढे रायफलीवर दुर्बीण नसेल तर रानात येता येणार नाही. मामांच्या डोळ्यांचं त्याच्या कानावर गेलं होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी बिघडलं होतं, ज्याचं ऑपरेशन नाही. मी ताबडतोब म्हणालो, लावू की दुर्बीण. मामांनी त्या रात्रीचं जेवण सोडलं. 'शंभर वर्षांच्या पोलादाला भोकं पाडू?' हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्यांनी दोन दिवसांनी फोन करून सांगितला: 'दुर्बीण लावली की माणूस लांबून मारतो. लांबून मारलं की समोर कोण आहे ते विसरतो.' मी फोनवरच भांडलो. तुमच्या हट्टापायी सगळंच सुटेल, असं म्हणालो. वाईट बोललो असं मला अजूनही वाटत नाही. ह्या माणसाला दुसरं काही नाही, मंडळ नाही, टीव्ही नाही, आणि मोहरीएवढ्या माशीसाठी तो पहाटेचं रान घालवायला निघालाय, याचा मला खरोखर संताप आला होता.

शेवटी दोस्तानं एक सवलत दिली. हिवाळ्यात मोटारीचा धक्का लागलेला एक नर रानाच्या कडेला लंगडत फिरत होता, मागचा डावा पाय वाळत चाललेला. तेवढा एक मामांनी जुन्या रायफलीनं काढावा, अगदी जवळून, मी सोबत असताना. मग पुढचं पुढे. मामा त्यावरही चिडले, पण रानात जायचे बूट रात्रीच दाराशी आणून ठेवले असं मामींनी सांगितलं.

मे महिन्यातली पहाट होती. त्या दिवशी दार आपटलं नाही, मी ते मुद्दाम अर्धवट उघडंच ठेवलं. मचाणावर बसलो. गवतावर धुकं होतं, पलीकडे हायवेची घरघर. उजाडता उजाडता तो नर आला. तीन पायांवर, थांबत थांबत, आणि आमच्यापासून चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. मामांनी रायफल उचलली. मी कानांवर हात ठेवले. मामा दगड झाले. मी वाट पाहिली. नर गवत ओढून खात होता. मामांनी रायफल खाली घेतली, डोळा चोळला, पुन्हा उचलली. पुन्हा खाली घेतली. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की मारा ना, एवढा समोर आहे.

'दोन दिसतायत,' ते हळूच म्हणाले.

मी म्हणालो, 'मामा, एकच आहे.'

'ते मलाही माहीत आहे. पण गोळी दोघांतल्या कुणाला लागेल ते माहीत नाही.'

नर रानात शिरेपर्यंत ते बघत राहिले. मग रायफल मोडून काडतूस काढलं आणि खिशात ठेवलं. मचाणावरूनच त्यांनी दोस्ताला फोन लावला आणि डचमध्ये, कुणावरही न खेकसता सांगितलं, 'उद्या तू ये. दुर्बिणीची घेऊन ये. ह्याच वाटेनं येतो तो. फार दिवस ठेवू नकोस, त्याला दुखतंय.' पलीकडून तो काहीतरी समजुतीचं बोलत असावा. मामा 'हो, हो' म्हणत राहिले. मामांना कुणाचं एवढं ऐकून घेताना मी पाहिलं नव्हतं.

खाली उतरल्यावर त्यांनी मोडलेली रायफल तशीच दोन्ही हातांनी गवतावर ठेवली. ओकची डहाळी तोडली. नळीच्या उघड्या तोंडात, जिथे काडतूस बसतं तिथे, ती खोवली. टोपी काढली. मग थर्मास माझ्यापुढे धरून म्हणाले, 'ओत.' मी ओतलं. त्यांनी ओंजळीतलं पाणी रायफलीभोवती फिरवलं, शेवटचे थेंब कोटाला पुसले आणि मला म्हणाले, 'चल, थंडी आहे.' माझा सगळा राग कुठे गेला मला कळलं नाही. जे उरलं होतं त्याला रडू म्हणतात, आणि मामांसमोर ते करायची माझी हिंमत नव्हती.

गाडीपाशी आलो. ते बाजूच्या सीटवर बसले, पट्टा लावला, समोर धुक्याकडे बघत राहिले. माझं दार तसंच अर्धवट उघडं होतं. मी आत बसलो आणि ते होतं नव्हतं ते बळ लावून आपटलं. झाडावरचे कावळे उडाले. मी शिव्या खायला तयार होऊन त्यांच्याकडे वळलो. मास्ट्रिख्टची हरणं तरी नक्की जागी झाली असणार.

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'लागलं का रे नीट?'