बाबांची अमेरिकन लक्ष्मी

आई चिपळूणहून आमच्याकडे परदेशी, सेंगकांगला आली तेव्हा तिच्या बॅगेत काय नव्हतं! कुळथाचं पीठ, आमसुलं, आणि माझ्या लेकीला परकर-पोलकं, जे त्या कार्टीने एकदाही अंगाला लावलं नाही. कुंकवाच्या डबीत, कुंकवाखाली पुरलेली दोन नाणीही होती. विमानतळावर कुणी डबी उघडली असती तर मी काय सांगणार होते, देव जाणे.

"हे सोनं आहे का, तेवढं बघ," आई म्हणाली. "इथे आपल्याला कुणी ओळखत नाही."

त्या नाण्यांची गोष्ट मला माहीत होती. बाबा बोटीवर इंजिनात कामाला होते. मी शाळेत असताना एका परक्या बंदरात त्यांनी बोटीवरच्याच एका सोबत्याकडून ही अमेरिकन नाणी विकत घेतली, वर्षभराची शिल्लक ओतून. घरी आणून मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवली. धाकट्या काकांनी एक नाणं दाताखाली धरलं आणि हसत सुटले. "दादा, तुला टोपी घातली रे! पितळ आहे हे." सगळे हसले. बाबा पण हसले, पण नाणी उचलून आत गेले. त्यानंतर ते कधी सराफाकडे गेले नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं तर म्हणाले, "राहू दे गं." पुढे बाबा गेले, आणि प्रश्न तसाच राहिला.

नाण्याच्या एका बाजूला मुकुट घातलेली बाई आणि भोवती चांदण्या, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. बाई आहे म्हणून आईने तिला लक्ष्मीच ठरवून टाकलं होतं, आणि दर दिवाळीला ती नाणी पूजेत बसायची. मला मात्र भलतंच कुतूहल लागलं. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात जाता-येता एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी फोनवर तेच वाचत बसायचे. नाण्यावर लिहिलेली किंमत वेगळी, त्यातल्या सोन्याची वेगळी, आणि नाणी जमवणारे हौशी लोक देतात ती तिसरीच. गरुडाच्या शेपटीखाली एखादं बारीक अक्षर असलं तर ते कुठल्या टांकसाळीत पाडलं ते कळतं, आणि त्या एका अक्षरावर भाव कुठल्या कुठे जातो. मी आईला उत्साहाने सांगितलं, की यावर वीस डॉलर लिहिलंय.

"वीसच?" आई म्हणाली. "म्हणजे तुमच्या त्या हॉकर सेंटरमध्ये चौघांचं जेवण. वर्षभर घाम गाळून हे आणलं होय त्यांनी!"

शनिवारी आम्ही एका जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये गेलो. तिथे तळमजल्यावर नाण्यांची आणि पोस्टाच्या तिकिटांची लहान लहान दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात एक म्हातारे चिनी गृहस्थ बसले होते. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना अंकल म्हटलं आणि नाणी पुढे ठेवली. त्यांनी ती कडांना धरून उचलली, वजन केलं, जाडी मोजली, एका यंत्रात ठेवली. आईने माझा दंड असा काही आवळला होता की संध्याकाळी तिथे वळ दिसत होता.

"रिअल," अंकल इथल्या ढंगात म्हणाले. "दोन्ही रिअल, लाह."

हे काही आईला मराठीत सांगावं लागलं नाही. तिने डोळ्याला पदर लावला आणि तशीच उभी राहिली. मलाही भरून आलं. माझा बाप फसला नव्हता! भर दुकानात ओरडून सांगावंसं वाटलं.

अंकलनी मात्र डोळ्याला भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाईच्या केसांत हे लाल काय आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुंकू. आम्ही हिची पूजा करतो. ते हसले. मग त्यांनी मला भिंगातून बघायला लावलं. बाईच्या गालावर, गळ्यावर, साऱ्या अंगावर बारीक बारीक चरे, शेकड्यांनी.

"कोणी तरी घासलंय. खूप वर्षं घासलंय. नाहीतर हौशी माणसाने दुप्पट दिले असते. आता फक्त सोन्याचा भाव."

मी आईकडे वळले. "आई, लक्ष्मीला कुणी चिंच-रांगोळीने घासतं का? तांब्या आहे का तो?"

 अंकलना कळणार नाही हे माहीत असूनही आई हळू आवाजात म्हणाली, "पूजेसाठी नव्हते गं मी घासत. मुलामा निघतो का ते बघायचे."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. तुझे बाबा बाहेर ओटीवर बसलेले असायचे. मी मोरीत दार लावून घासायचे."

  नाणी आम्ही विकली नाहीत. आईने अंकलकडून एका कागदावर लिहून घेतलं, की दोन्ही नाणी अस्सल सोन्याची आहेत, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. परत येताना गाडीत तिने तो कागद तीनदा माझ्याकडून वाचून घेतला. "हौगांग" असं स्टेशनचं नाव पुकारलं तेव्हा म्हणाली, "घरी गेल्या गेल्या भाऊजींना फोन लाव. चेहरा दिसतो तो लाव."

काका आता ऐंशीच्या घरात. फोनवर त्यांचं अर्धं कपाळ आणि मागचा पंखा दिसत होता. आई नीट सावरून बसली, कागद हातात धरला, आणि म्हणाली, "भाऊजी, त्या नाण्यांचं कळलं बरं का!"

"कसली नाणी, वहिनी?"

"ह्यांनी बोटीवरून आणलेली. तुम्ही दाताखाली धरून बघितलं होतंत. पितळ म्हणालात."

काकांनी बराच वेळ आठवून बघितलं. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते बिचारे. "नाही बुवा. दादाने मला घड्याळ आणलं होतं, ते आहे अजून. नाणी कधी आणली त्याने?"

आईने कागदाची घडी घातली. पुन्हा एक घडी घातली.

"काही नाही, भाऊजी," ती म्हणाली. "जेवलात का?"