तिसऱ्या वेळचं 'नको'

दुबई-शारजाच कशाला, सातही अमिराती धुंडाळून या, आमच्या काकांइतक्या वेळा 'नको' म्हणणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. आणि इतक्यांदा म्हणूनही त्यातलं एकसुद्धा 'नको' खरं नसणारा माणूस तर त्रिखंडात नसेल. काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. मावशी रेवदंड्याला, नारळी-पोफळीच्या वाडीत. काका इथे दुबईत अल कुसैसला, नळ आणि पाइपांच्या एका गोडाउनचे स्टोअरकीपर. त्या गोडाउनात चुकून उंट शिरला असता तरी काकांनी त्याला नंबर देऊन योग्य त्या रॅकवर लावला असता. पण ताटावर बसले की हाच माणूस अगदी नवीन नवरीसारखा लाजायचा. त्यांच्या 'नको'चं एक शास्त्र होतं. पहिलं 'नको' वाढणाऱ्याच्या मानासाठी, दुसरं शेजारच्या पानावरच्या लोकांसाठी, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, अर्धी वाढा." ही अर्धी म्हणजे दोन पुरणपोळ्या, तूप वेगळं.

आता हे शास्त्र रेवदंड्यात जन्मलेल्या कुत्र्यालाही कळतं, पण विमानातल्या हवाई सुंदरीला कोण शिकवणार? एकदा तिने जेवणाचा ट्रे पुढे केला, काका म्हणाले, "नो नो, कशाला!" ती पुढच्या रांगेत गेली. मुंबईपासून दुबईपर्यंत काका तिच्या गाडीकडे बघत उपाशी आले, आणि विमानतळावरून थेट शारजात अल मजाजला आमच्या घरी येऊन म्हणाले, "जावईबापू, हल्ली विमान कंपन्यांत संस्कार राहिले नाहीत." तेवढ्यात आमच्या मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, यू वॉन्ट पोहे?" "नको गं बाळ." "ओके," म्हणून ती बशी घेऊन चालू लागली. बायको ओरडली तर पोरगी म्हणते, "बट मम्मा, ही सेड नो!" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिला फूस लावली होती.

तर अशा काकांना दुबई मरीनाच्या मागच्या गल्लीतलं पोर्तुगीज मिठाईचं दुकान सापडलं. मिठाईचं म्हणजे पेस्ट्रीचं, पण काका मिठाईच म्हणायचे. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला आहे, त्यामुळे अख्खं पोर्तुगाल हे काकांच्या लेखी गावकीतलंच. "दोनेकशे वर्षं आमच्याकडे राहिले, जाताना धड सांगूनही गेले नाहीत. बघू या तरी, आता काय करून खातात," असं म्हणून ते एका शनिवारी मला घेऊन निघाले. दुकान आपल्या किराणा दुकानाएवढं. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशा, काचेच्या कपाटात पिवळेधमक अंड्याचे टार्ट, वरून जरासे करपलेले, आणि गल्ल्यामागे साठीच्या, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या मालकीणबाई. तिथली रीत अशी, की गिऱ्हाइकाने गल्ल्यापाशी उभ्यानेच चूळ भरण्याएवढ्या कपातली कॉफी प्यायची, टार्टवर दालचिनी भुरभुरवायची आणि बाईंशी आपापल्या घरच्या गोष्टी बोलायच्या. बाईंनी भट्टीतून नुकताच काढलेला टार्ट बशीत घालून काकांपुढे धरला. "चाखून पाहा, पैसे नकोत." काका मागे सरकले. "नो नो, मॅडम, कशाला उगाच!" बाईंनी तो शांतपणे परत कपाटात ठेवला. कपाटाचं दार बंद होतानाचा काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. बोट सुटल्यावर धक्क्यावर राहिलेल्या माणसाचा असतो तसा.

मी दोन विकत घेतले म्हणून निभावलं. दहा दिरहॅमला एक. काकांनी तिथल्या तिथे मोठ्याने रुपये केले आणि "रेवदंड्यात एवढ्यात पापलेट येतं," म्हणत चौथा घास संपवला. पण त्यानंतर एक शनिवार चुकला नाही. दर खेपेला बाई विचारायच्या, काका नको म्हणायचे, बाई ठेवून द्यायच्या. शेवटी कंटाळून बाईंनी विचारणंच बंद केलं. काका दारात दिसले की न बोलता बशी पुढे सरकवायच्या. काकाही न बोलता खायचे आणि त्याची परतफेड म्हणून मागच्या खोलीत जाऊन त्यांच्या मैद्याच्या गोणी लावून द्यायचे, जुना माल पुढे, नवा मागे. महिन्याभरात त्या खोलीचं असं रूप पालटलं, की आता तिथे लग्न लावावं. काका बाईंना 'बाय' म्हणू लागले, त्या त्यांना 'सेन्योर', म्हणजे त्यांच्याकडचं साहेब. दोघांचं इंग्रजी एकमेकांशिवाय कुणालाच कळायचं नाही.

आणि मग गोडाउनने काकांना निरोप दिला. वय झालं, महिनाअखेरीला व्हिसा रद्द. "खलास!" काका टाळी देत म्हणाले, "आता वाडीत सुपाऱ्या राखायच्या." पण जेवून निघताना चपला घालता घालता म्हणाले, "तुमच्या ऑफिसात सहज विचारून ठेवा हो. घाई नाही." पुढच्या आठवड्यात तीनदा फोन आला, घाई नाही हे सांगायला. माणसाला राहायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. माझ्या ऑफिसात काही जमलं नाही. अशात एका संध्याकाळी ते घरी आले ते घुश्शातच.

"आज बाय म्हणाली, सेन्योर, माझ्याकडेच या कामाला. स्टोअर सांभाळा, व्हिसा मी करते."

"वा! मग?"

"मग काय? मी म्हटलं, नो नो, तुम्हाला कशाला त्रास."

बायकोच्या हातातला झारा तसाच राहिला. "आणि ती?"

"ती म्हणाली, ओके."

"नुसतं ओके?"

"ओके, आणि कॉफी दिली." काका पंख्याकडे बघत म्हणाले, "माणसाने पुन्हा एकदा विचारू नये?"

"अहो काका, तुम्हीच उद्या जाऊन हो म्हणा ना," बायको म्हणाली.

"आपल्या तोंडाने? मुली, तुझ्या मावशीच्या घरचा आहे मी, असा नाक्यावरचा नाही."

टार्ट बशीत घालून पुढे सरकवता येतो, नोकरी कशी सरकवणार? शेवटी मीच दुकानात गेलो आणि बाईंना आपल्या आग्रहाचं शास्त्र समजावलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमच्याकडे नो म्हणजे नो. बरं, आता करू काय?" म्हटलं, तीनदा विचारा. दुसऱ्या वेळी मनगट धरा. तिसऱ्या वेळी जरा रागवा. बाईंनी माझंच मनगट धरून दोनदा सराव केला. पकड अशी, की मीच नोकरी पत्करणार होतो.

शनिवारी आम्ही दोघं काकांना घेऊन गेलो. बाईंनी एप्रनला हात पुसले. "सेन्योर, माझ्याकडे काम करा." "नो नो, कशाला." काकांच्या मिशा मात्र खुलल्या. बाईंनी मनगट धरलं. "करा हो." "नो, बाय, उगाच तुम्हाला त्रास." बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला, आता फक्त अर्धी वाढायची राहिली होती. तिसऱ्या वेळी बाई रागवायचं विसरल्या. मनगट तसंच धरून हळूच म्हणाल्या, "जाऊ नका. थांबा ना."

 काकांनी दुसरा हात बाईंच्या हातावर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाले, "नको." एकदाच. मागे 'कशाला' नाही, पुढे 'उगाच' नाही. बाईंना मराठीचा गंध नव्हता, पण त्यांनी मनगट सोडलं, आणि आत जाऊन बराच वेळ भट्टीपाशी उभ्या राहिल्या.

आम्ही मेट्रो स्टेशनपर्यंत चालत आलो. फलाटावर मीच न राहवून म्हटलं, "काका, अहो, हे काय केलंत?"

"राहायचं होतं हो, जावईबापू. अगदी आत्तापर्यंत राहायचं होतं." त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. "पण गोडाउनात एवढी वर्षं काढली, शेवटी त्यांनी कागदावर सही घेतली आणि ऑल द बेस्ट म्हणाले. थांबा असं कोणी म्हटलं नाही. ते आज ऐकलं आणि वाटलं, झालं, आता निघू या."

मग त्यांनी मावशीला फोन लावला. "येतोय गं. कायमचा." पलीकडे मावशी काहीतरी बोलली. काकांनी ऐकलं आणि लगेच म्हणाले, "हो."

"काय विचारलं मावशीने?" बायकोने विचारलं.

"नक्की का, म्हणून."

गाडी आली. एरवी दारं उघडल्यावर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोन गाड्या सोडणारे काका सरळ आत जाऊन खिडकीपाशी बसले. आम्हाला मरीनात अजून थोडं काम होतं, म्हणून फलाटावरून हात हलवत राहिलो. त्यांचं लक्ष नव्हतं. फोन कानालाच होता, आणि यंदा कुठल्या माडांना नारळ धरलेत ते मावशी त्यांना सांगत असावी, कारण काका मान डोलवत एकेक मोजत होते.