आपांच्या बाजूचं भिंग

शमीमआपा गेल्याचं त्यांच्या बहिणीने रत्नागिरीहून फोनवर कळवलं, तेव्हा मी हिद्दच्या आमच्या जनावरांच्या रोगांच्या लॅबमध्ये स्लाइड रंगवत होतो. लक्ष उडालं आणि स्लाइड नको तेवढी जांभळी झाली. आपा असत्या तर म्हणाल्या असत्या, वांगं भाजलंस की काय रे...

मी अकोल्याहून बहारीनच्या ह्या लॅबमध्ये आलो तो स्वतःला फार शहाणा समजत. आमच्या मायक्रोस्कोपवर दोघांना समोरासमोर बसून एकच स्लाइड बघता येते. आपा माझ्या वरिष्ठ, आणि त्यांचा नियम असा, की धाकट्याने आधी बघून बोलायचं, मग त्या तोंड उघडणार. मोठ्याने आधी सांगितलं की धाकट्याला नसलेलंही दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका फार्मवरची पाळलेली हरणं दगावू लागली. त्यांच्या मांसात परजीवींच्या पुटी निघाल्या आणि मालक अख्खा कळप मारायला निघाला. मी बघत बसलो. स्नायूंच्या गुलाबी धाग्यांत जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या लांबट पुटी होत्या, पण भोवती सूज कुठेच नव्हती. चाचरत म्हणालो, हरणं ह्यांच्यामुळे मेली नसावीत. आपा खुदकन हसल्या. त्यांनीही तेच पाहिलं होतं. ह्या पुटी बिचाऱ्या मांसात झोपलेल्या असतात, म्हणाल्या, कुत्र्याने ते कच्चं खाल्लं तरच जाग्या होतात. पुढे दोष बुरशी लागलेल्या चाऱ्याचा निघाला. कळप वाचला, आणि फार्मवरच्या कुत्र्यांचं कच्चं मांस बंद झालं.

गेल्या वर्षी आपा एक स्लाइड घेऊन आल्या. त्यांच्याच पोटातल्या गाठीची, हॉस्पिटलमधून मागून आणलेली. मी म्हटलं, माणसांचं मला काय कळतं? त्या समोर बसल्या, भिंगाला डोळे लावले.

"आधी तू बघ."

पेशी सैरावैरा पसरल्या होत्या. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण समोर आपा होत्या.

"आपा, ही झोपलेली नाही."

"मलाही तसंच वाटलं," त्या हळूच म्हणाल्या. "एकटीने बघायची हिंमत होत नव्हती रे... खलास, आता रत्नागिरीला घरी जाते."

आपांचा चेहरा लहानसा. त्यांच्या बाजूची दोन्ही भिंगं म्हणून अजूनही एकमेकांजवळ ओढलेली आहेत. मी तिथे बसलो की मला दोन वेगवेगळे गोल दिसतात, एक होत नाहीत. जरा सरकवलं की होतील. मी सरकवत नाही. माझ्या जागेवर येतो, स्लाइड लावतो आणि काय दिसलं ते आधी मोठ्याने सांगतो.