न जोडलेला एसी

या ग्रुपवर मी नुसती वाचते, कधी कमेंटसुद्धा केलेली नाही. वाचतानाही माझ्याकडे प्रत्येक अनुभवाचं एक साधं उत्तर तयार असतं. झोप झाली नसेल, वारा असेल, उंदीर असेल. पप्पा रिटायर होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. हे लिहू की नको यात बरेच दिवस गेले. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, लिही, पण माझं नाव नको. म्हणून नावं गाळली आहेत किंवा बदलली आहेत. बाकी सगळं जसं झालं तसंच आहे.

आमचं घर कोल्हापुरात, कळंबा रोडला आहे. वर दोन खोल्या आणि त्यांच्यावर थेट गच्ची. ताई मुरगूडला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली ती ऐन उन्हाळ्यात. वरची खोली तिला दिली. स्लॅब दिवसभर इतका तापायचा की रात्रीसुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागायची. बाळाच्या मानेवर, काखेत घामोळं उठलं. दाजी बघायला आले, बाळाला उघडं करून बघितलं आणि जाताना पप्पांना म्हणाले, एसी घेऊया, मी घेतो.

मम्मीचा विरोध होता. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जन्माचं दुखणं, असं तिचं म्हणणं. बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, फक्त हवा थेट अंगावर नको. मग मम्मीनं विरोध सोडला, पण पटलेलं नव्हतं. राजारामपुरीतल्या दुकानात पप्पा, दाजी आणि मी गेलो. दाजींना एक टनाचा पुरेसा वाटत होता, पप्पांनी वर स्लॅब आहे म्हणून दीड टनाचा घ्यायला लावला. दुकानातले सगळे पीस नुसते टांगलेले होते, एकही चालू नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, पुढे लागेल.

खरी अडचण एसी बसवताना आली. फिटरनं खिडकीवरची भिंत दाखवली. तिथून हवा सरळ बाळावर येणार. दुसरी भिंत सोयीची होती, पण तिच्या पलीकडे पॅसेजमध्ये आमचं देवघर आहे. मम्मीनं एकच वाक्य उच्चारलं.

“देवाच्या पाठीत भोक पाडायचं न्हाय.”

शेवटी दाराशेजारची भिंत ठरली. हवा सरळ पुढे खिडकीकडे जाणार, बाजेचा कोपरा बाजूला राहणार. ताईसाठी मम्मीनं जुनी बाज काढली होती. बाळ तिच्या भिंतीकडच्या अंगाला झोपायचं.

इनडोअर युनिट भिंतीवर चढलं. आउटडोअर युनिट बाहेर लावायला घेतलं, तर शेजारचे चौगुले काका खाली येऊन उभे राहिले. त्यांची बेडरूमची खिडकी बरोबर समोर येत होती. “तुम्ही गार झोपायचं आनि आमी भाजायचं व्हय?” एवढं बोलून ते हाताची घडी घालून तिथेच थांबले. पप्पांचा चेहरा पडला. त्यांना भांडता येत नाही, मलाही येत नाही. फिटर म्हणाला, मग गच्चीवर ठेवू, पण तांब्याची पाईप जास्त लागणार, स्टँड वेगळा लागणार, दोन-तीन दिवस जातील. इनडोअर युनिट भिंतीवर तसंच राहिलं. बाजूनं त्याची वायर गुंडाळी करून टेप लावून लोंबत होती. कशाला जोडलेलं नाही, खाली प्लगसुद्धा नाही. रिमोट खोक्यात, खोकं माळ्यावर.

त्या मधल्या दिवसांत पप्पांनी खोलीची तयारी केली. गारवा बाहेर जायला नको म्हणून त्यांनी खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावली, वरचा झरोका थर्माकोलनं बंद केला, दाराच्या खालच्या कडेला रबर बसवलं. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. काम नीट झालं होतं, त्यांना बरं वाटलं होतं. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

युनिट भिंतीवर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताईच्या खोलीत लंगोटांच्या घड्या घालत होते. ताई आणि बाळ झोपलेले. वरून आवाज आला — पीं. छोटा, स्वच्छ, शेवटी किंचित खाली उतरणारा. मी युनिटकडे बघितलं. फ्लॅप बंद, वायरची गुंडाळी तशीच. शेजारी कुठेतरी वाजलं असेल म्हणून मी घडी घालायला लागले. पण पुढच्या सगळ्या लंगोटांच्या घड्या मी युनिटकडे तोंड करून घातल्या, हेही खरं.

आता त्याच्या पुढच्या सकाळचं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला सुशीलाक्का यायच्या. आमच्याकडची पद्धत अशी : न्हाणं झालं की बाळाला धुरी द्यायची आणि निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवायची, म्हणजे बाळंतिणीची पाठ शेकते. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं. दार-खिडक्या तेव्हा बंदच असतात, वारं लागू नये म्हणून. एरवी फटींतून आणि झरोक्यातून धूर हळूहळू निघून जायचा. त्या दिवशी सुशीलाक्कांना दुसऱ्या घरी पाचवीला जायचं होतं. त्यांनी शेगडी ठेवली, दार ओढून घेतलं आणि मला खाली सांगून गेल्या, “दोघंबी झोपल्यात, हाक मारू नगं.”

मम्मी बाजारात होती. पप्पा फिटरबरोबर स्टँड आणायला गेलेले. मी हॉलमध्ये लॅपटॉपवर ऑफिसच्या कॉलवर होते, हेडफोन लावून.

पीं.

वाटलं कॉलमध्ये कोणाकडे तरी वाजलं. थोड्या वेळानं पुन्हा. मी हेडफोन काढले. आवाज वरून येत होता. तोच, कालचा. माझ्या मनात आलं, ताईला झोप येत नसेल, रिमोट घेऊन चाळा करत असेल. थोडी चिडलेही. तिला फोन लावला. वर रिंग वाजलेली ऐकू आली. तिनं उचलला नाही. रिंग संपली आणि लगेच — पीं. पीं. पीं. आता मध्ये उसंत नव्हती. कोणी घाईघाईनं एकच बटण दाबत राहावं तसं.

रिमोट माळ्यावर आहे, हे मला जिन्यात आठवलं.

रबरामुळे दार घट्ट बसलं होतं. खांद्यानं ढकललं तेव्हा उघडलं, आणि त्या क्षणी आवाज थांबला. आत धूर होता, पण खूप दाट नाही. बाज, खुंटी, खिडकी सगळं दिसत होतं. ताई कुशीवर होती. डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते, माझ्याकडे बघत होती असं वाटलं, पण मी हाक मारली तर नजर हललीच नाही. मी तिचा हात उचलला तर तो तसाच खाली पडला.

आणि बाळ. हे मी खूप वेळा आठवून बघितलं आहे, म्हणून जपून लिहिते. धूर खोलीभर आडव्या थरात थांबला होता, हलत नव्हता. फक्त बाळावर नव्हता. त्याच्या भोवती सुपाएवढी जागा स्वच्छ होती आणि तिच्या कडेला धूर हलके हलके मागे सरकत होता, वरून कोणी फुंकर घालत असल्यासारखा. खोली भट्टीसारखी तापली होती. मी बाळाला उचललं, तर त्याचं कपाळ आणि कुंची गार होती... माठाच्या पाण्यासारखी. ते जागं होतं. रडत नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागे, युनिटकडे बघत होतं.

मी आयुष्यात मोठ्यानं ओरडलेली नाही. शाळेत नाटकातसुद्धा मला झाड केलं होतं. त्या दिवशी पॅसेजमधून मी कशी ओरडले मला माहीत नाही. चौगुले काका जिना चढून आले तेव्हा त्यांच्या एका पायातच चप्पल होती. त्यांनी आत बघितलं, शेगडी ओढून बाहेर पॅसेजमध्ये ढकलली, खिडकी उघडेना म्हणून काच फोडली आणि ताईला उचलताना मला म्हणाले, “रडू नगं. तू बाळ धर. गाडी काढतो.”

दवाखान्यात ताईला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, खोलीत शेगडी होती का. निखाऱ्यांचा गॅस बंद खोलीत साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. अजून थोडा उशीर झाला असता तर... पप्पा भिंतीला टेकून उभे होते. विज्ञान शिकवणारा माणूस, त्यांना हे पुस्तकातून माहीत होतं. ते कोणाकडे बघत नव्हते. तेव्हा मम्मीनं त्यांचा हात धरला, सगळ्यांसमोर. मी असं पहिल्यांदाच बघितलं.

ताई संध्याकाळी बोलायला लागली. बाळाला त्यांनी दोन वेळा तपासलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान जिवाला आईपेक्षा जास्त त्रास व्हायला हवा होता, आणि याला तर जवळजवळ काहीच नाही. नशीब, असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले.

ताईला घरी आणल्यावर फिटर आला. पप्पांनी त्याला विचारलं, करंट नसताना हे वाजू शकतं का? तो हसला. “सर, तुमीच सांगा की. करंट न्हाय तर पीं कसलं वाजतंय?” पप्पांनी खोकं उतरवलं. रिमोट आत, सेल अजून प्लॅस्टिकमध्ये बंद. दाजींचं म्हणणं, शेजारच्यांचा नाहीतर ताईच्या फोनचा आवाज असेल. पण चौगुले काकांकडे एसी नाही, आणि ताईच्या फोनची रिंग तर मी वेगळी ऐकली होती. मम्मी म्हणते अंबाबाईनं राखलं. सुशीलाक्का म्हणतात सटवाई बाळाशी खेळत होती. त्या आता शेगडी उघड्या पॅसेजमध्येच ठेवतात.

आउटडोअर युनिटसाठी चौगुले काकांनी स्वतःहून सांगितलं, ठेवा माझ्या खिडकीपुढं, काय होत न्हाय. पप्पांनी ऐकलं नाही, गच्चीवरच ठेवलं. सगळं जोडून झाल्यावर फिटरनं बटण दाबलं आणि युनिट पहिल्यांदा वाजलं.

पीं. शेवटी किंचित खाली उतरणारा.

मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. हा आवाज त्याआधी मी कुठेही ऐकण्याची शक्यता नव्हती. दुकानातही नाही.

रात्री ताईनं मला हळूच सांगितलं की तिलाही तो ऐकू येत होता. डोळे मिटत होते, हात हलत नव्हता, पण प्रत्येक वेळी वाजलं की बाळावर ठेवलेल्या तिच्या हाताला गार वारा लागत होता. तिला वाटत होतं मी एसी चालू केला आहे. मला ती झोपेत थँक यू म्हणत होती, असं म्हणाली. त्यानंतर एकदा, घरी कोणी नसताना, मी एसी लावून बाळाच्या जागेवर आडवी झाले. वीसवर टाकला, फॅन फुल केला. हवा समोर खिडकीवर जाते. त्या कोपऱ्यात पोहोचत नाही. तेवढ्यासाठीच तर ती भिंत निवडली होती.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. साधं तर नाहीच, अवघडही नाही. कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

बाळ आता मुरगूडला आहे, पालथं पडायला लागलंय. दाजी तिकडेही एसी घेत आहेत. परवा ताईचा फोन आला, कुठल्या भिंतीला लावू म्हणून. मी म्हटलं, शेगडी खोलीत नको आणि झरोका बुजवू नका. ती म्हणाली, ते झालं गं, भिंत कुठली? मागे बाळाचा हुंकार ऐकू येत होता. मग मी सांगितलं, घरात कुठेही असलीस तरी तुला बाळ दिसेल अशी बाज ठेव. भिंतीचं मला खरंच सांगता येणार नाही.